मास्तरांची चक्कर

आमच्या घरी भाजीत मीठ का नसायचं ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

हे साइटवर वरच्या मजल्यावरून खाली पडले. टाच मोडली, गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "कसे पडलात?" ह्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "चक्कर आली." झालं. चक्कर कशाने आली ते शोधायला डॉक्टर हात धुऊन मागे लागले. कान तपासले, साखर तपासली, डोक्याचा फोटो काढला. कुठे काही सापडेना. शेवटी एका डॉक्टरांना रक्तदाब जरासा वर दिसला. तीनशे ठिकाणी टोचून घेतलेल्या माणसाचा तो खाली कसा असेल? त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि मला म्हणाले, "बाई, जेवणात मीठ कमी करा."

मी केलं. त्यांनी सांगितलं त्याहून थोडं जास्तच कमी केलं. कारण ह्यांना चक्कर आली नव्हती हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे ह्यांना ठाऊक होतं. तरी रोज समोर बसून हे ती अळणी भाजी मुकाट गिळायचे. तक्रार करायची तर खरं सांगावं लागलं असतं.

"कशी झालीय?" मी विचारायची.

"छान."

"अजून थोडं कमी करू का मीठ?"

"आता उरलंय कुठे कमी करायला?"

"म्हणजे आवडत नाही का?"

"छान झालीय म्हटलं ना!"

गोळीने ह्यांना दिवसभर पेंग यायची, गरगरायचं. न आलेल्या चक्करेवर औषध घेतल्यावर चक्कर यायला लागली, असा सगळा प्रकार.

आम्ही दोघंही घरं बांधायच्या कामावर. एका ओळीत दुमजली घरं, सगळी एकाच साच्यातली. एका घराचं स्वयंपाकघर डोळे मिटून सापडलं की सगळ्यांचं सापडतं. मी पाणी मारते. नवीन प्लास्टरला, नवीन भिंतीला वेळच्या वेळी पाणी लागतं, तान्ह्या बाळासारखं. पाइप खांद्यावर घ्यायचा आणि एका घरातून दुसऱ्या घरात फिरायचं. सगळ्या साइटची बातमी पाण्यासोबत माझ्याकडे वाहत येते.

हे सेंट्रिंगचे मिस्त्री. स्लॅब ओतायच्या आधी त्याच्याखाली लाकडाचा आणि प्लायचा साचा उभा करतात, ते ह्यांचं काम. वर जाऊन करायचं, कडेला उभं राहून करायचं काम. साइटवर निम्मे लोक ह्यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून सगळे ह्यांना मास्तर म्हणतात. आणि बोलतातही तसेच. नवीन माणूस शिडीला हात लावतो न लावतो तोच ह्यांची गर्जना ऐकू यायची, "बघून पाय टाक!" इतक्या वेळा की ह्यांची पाठ वळली की लोक एकमेकांना चहा देतानासुद्धा म्हणायचे, "बघून पाय टाक रे!"

आता असा माणूस कसा पडतो, ते सांगते.

वरच्या मजल्यावर न्हाणीघर असतं. त्याचे पाइप खाली उतरवायला स्लॅबमध्ये एक चौकोनी भोक ठेवतात, माणूस सहज जाईल एवढं. पाइप येईपर्यंत त्यावर प्लायचा तुकडा टाकून ठेवायचा. नुसता टाकायचा. आणि आमच्या साइटवर पडलेला प्लाय कुणाचाच नसतो, म्हणून तो उचलेल त्याचा. कुणी विचारत नाही, कुणी रागावत नाही. आज मी तुझा नेला, उद्या तू माझा ने. ह्यांना तर चांगला प्लाय दिसला की राहवत नाही. लोक रस्त्यात पडलेली वस्तू बघून आधी इकडेतिकडे बघतात, हे तेवढंही बघत नाहीत.

त्या दिवशी ह्यांना तुकडा हवा होता. समोर एक छान पडलेला दिसला. वाकले, अलीकडची कड धरली, दोन्ही हातांनी उभा केला आणि छातीशी धरून निघाले पुढे. प्लाय उभा धरला की माणसाला समोरचं काही दिसत नाही. आणि पुढे काय होतं? तर तो प्लाय ज्याच्यावर पडला होता, तेच.

मी तेव्हा खालीच होते. धप्पकन आवाज आला म्हणून धावले. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचले. डोळे उघडे, श्वास चालू. आणि दोन्ही हातांत प्लाय. पडताना माणूस मिळेल ते धरतो, ह्यांनी प्लाय सोडला नव्हता. मी ह्यांच्याकडे बघितलं, प्लायकडे बघितलं, वरच्या भोकाकडे बघितलं. ह्यांनीही तसंच बघितलं. मग माणसं गोळा झाली आणि मास्तरांना चक्कर आली.

तसं बघितलं तर कुणाचं काय बिघडलं? पण बिघडलं. मास्तरांना चक्कर आली म्हटल्यावर प्लायकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ते एक भोक बुजवलं. बाकीच्या घरांत प्लाय होता तसाच सैल.

"दुसरं कुणी पडलं तर?" मी एकदा विचारलं.

ह्यांनी भाजीत बोट फिरवलं. "माझ्यासारखा वेडेपणा दुसरं कोण करणार?"

"मग सांगा ना, काय वेडेपणा केला ते."

"हसतील."

"हसू देत. हसल्याने टाच मोडत नाही."

"तुला नाही कळायचं. मी त्यांचा मास्तर आहे."

हाडं जुळली, हे लंगडत का होईना कामावर हजर झाले. तोवर साइटवर नवीन इंजिनिअर मॅडम आल्या होत्या. वयाने लहान, आवाज शांत, पण एकदा नाही म्हटलं की विषय संपला. ह्यांनी सांगितलं, मी बरा झालो, वर जातो.

"काका, चक्कर कशाने आली होती?"

"सापडलं नाही मॅडम. पण आता येत नाही."

"कशाने आली तेच माहीत नाही, तर परत येणार नाही हे कुणी सांगावं? वर पाठवून तुम्हाला काही झालं, तर मी काकूंना काय तोंड दाखवू?"

काकू म्हणजे मी. मी तिथेच पाइप घेऊन उभी होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाणी जरा जोरात सोडलं.

म्हणून हे खाली राहिले. तळमजल्यावर दारांच्या चौकटी बसवायच्या. काम चांगलं करायचे, पण जीव वर टांगलेला. वर कुणी ठोकत असलं की हात थांबायचा, कान टवकारायचे. "खिळा वाकडा गेला," मधेच पुटपुटायचे. "आवाजावरून कळतं." आणि चौकटी काही जन्मभर पुरणार नव्हत्या. शेवटच्या ओळीतली घरं राहिली होती. ती झाली की खाली काम नाही, आणि वर जायला परवानगी नाही. म्हणजे घरी. एवढी वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या डोक्यावर छपरं घातली, तो घरी बसून अळणी भाजी खाणार. ह्या विचाराने माझाही हात मिठाच्या डब्याकडे जायचा, नाही असं नाही.

मॅडम मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. सैल झाकणं त्यांनी बघितली आणि एकेक घर घेत खिळे मारून घ्यायला सुरुवात केली. आमच्या लोकांनी ते खिळे उपटायला सुरुवात केली. ठोकून ठेवलाय म्हणजे प्लाय नक्कीच चांगला असणार, असा हिशोब. मॅडम सकाळच्या बैठकीत रोज सांगायच्या, भोकावरचं झाकण काढू नका. सगळे माना डोलवायचे. मनापासून डोलवायचे. कारण झाकण कुणीच काढत नव्हतं, सगळे फक्त प्लाय उचलत होते.

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, त्याच साइटवर फरशी बसवतात. माणूस गमत्या. साडू-साडूंचं नातंच असं, की एक दिवस टोमणा मारला नाही तर जेवण पचत नाही.

"काय मास्तर, आज जमीन स्थिर आहे ना?" सकाळी आल्या आल्या दाजी म्हणायचे.

"तुमची फरशी सोडून सगळं स्थिर आहे."

"चौकटीला धरून उभे राहा हो. फिरायला लागलं तर बरं पडतं."

"साडूभाऊ, तुम्ही वर जा. वर डोक्याला हवा लागते, तुम्हाला गरज आहे."

दाजी हसत हसत वर जायचे. हे त्यांच्या बुटांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहायचे.

त्या दिवशी आम्ही शेवटच्या ओळीतल्या एका घरात होतो. हे स्वयंपाकघराच्या दाराची चौकट लावत होते. मी त्याच खोलीत भिंतींना पाणी मारत होते. वरचं भोक झाकलेलं, खिडकीला बाहेरून ताडपत्री, त्यामुळे खोलीत अंधारच. चौकट सरळ उभी आहे का ते बघायला ह्यांनी ओळंबा सोडला होता आणि त्याचा दोरा हलायचा थांबण्याची वाट बघत होते. वर दाजींच्या बुटांची खसखस चालू होती.

"मास्तर!" वरून आवाज आला. "कटरखाली ठेवायला फळी आहे का एखादी?"

"माझ्या फळ्यांना हात लावायचा नाही!"

"राहू द्या तुमच्या. मला सापडली इथे."

ह्यांनी हसून मान हलवली आणि परत ओळंब्याकडे बघायला लागले. तेवढ्यात ह्यांच्या हातांवर उजेड पडला.

चौकोनी उजेड. आधी एक रेघ, मग पट्टा, मग ओळंबा, हात, मनगट सगळं लख्ख. त्यात धूळ तरंगत होती. मला वाटलं, चला, बरं झालं, दिसायला लागलं. ह्यांनी मात्र वर बघितलंसुद्धा नाही, आधी ओरडले.

"थांब! आहेस तिथे थांब! पाय उचलू नकोस!"

असा आवाज मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. 'बघून पाय टाक' म्हणतानाचा मास्तरकीचा आवाज तो नव्हता. मी वर बघितलं. भोकाच्या कडेवरून एक बूट पुढे आलेला, हवेत. तळव्याला चिकटलेला सिमेंटचा गोळा मला दिसत होता. बूट तसाच लटकत राहिला, जसा काही विचार करतोय.

"काय झालं?" प्लायमागून दाजी म्हणाले.

"मागे घे पाय. मागे. आणि खाली बस."

"पण फळी..."

"फळी गेली खड्ड्यात! बस खाली!"

बूट मागे गेला. वर बसकण मारल्याचा आवाज झाला, प्लाय बाजूला आपटला. मग भोकाच्या कडेला दाजींचं तोंड दिसलं. भोकातून त्यांनी आम्हाला बघितलं, आम्ही त्यांना. 

ह्यांनी चौकट घट्ट धरून ठेवली होती. मी हात धरला. "चक्कर?" मी हळूच विचारलं. ह्यांनी असं बघितलं की मी हात सोडला.

आरडाओरडा ऐकून मॅडम धावत आल्या, मागोमाग आसपासच्या घरांतली चार-पाच माणसं. दाजी जिना उतरून आले, एकेक पायरी धरून. खाली आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातून वरचा उजेड बघितला, खालची कडक जमीन बघितली आणि तिथेच उकिडवे बसले. इथे वाळू नव्हती.

"मास्तर," ते बसल्या बसल्या म्हणाले, "तुम्हाला खालून कसं कळलं?"

"उजेड पडला. झाकण उचललं की उजेड पडतो."

"ते ठीक आहे. झाकण उचललं ते कळलं. पण मी पाय पुढे टाकणार हे कसं कळलं?"

 मॅडम ह्यांच्याकडे बघत होत्या. मी पाइपाच्या तोंडाकडे बघत होते, कारण आता ह्यांच्याकडे बघितलं असतं तर ह्यांना सुटायला मदत झाली असती, आणि ही मदत मला करायची नव्हती. ओळंबा अजून हलत होता. ह्यांनी तो हातात धरून थांबवला.

"कारण मी टाकला होता," हे म्हणाले.

"काय?"

"मला चक्करबिक्कर काही आली नव्हती. तुमच्यासारखाच प्लाय उचलला, छातीशी धरला आणि चालायला लागलो. प्लाय चांगला होता."

शेवटचं वाक्य ह्यांनी अशा काही कळवळ्याने म्हटलं की मागच्या कुणाला तरी हसू फुटलं. मला वाटलं आता हे गप्प होणार. पण दाजी हसले नाहीत. दाजी उठले आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मोडक्या बाजूच्या. हे कळवळले.

"अहो, तो खांदा दुखतो!"

"दुखू दे," दाजी म्हणाले. "मास्तर, हे आधी सांगितलं असतं तर मी कशाला उचलला असता?"

थट्टा नव्हती त्यात. म्हणून ते जास्त लागलं. ह्यांनी मान खाली घातली.

मॅडमनी आधी एकाला वर पाठवून भोकापाशी उभं केलं आणि मग ह्यांना बाहेर सावलीत बसवलं. पाणी दिलं. रागावतील असं मला वाटत होतं.

"म्हणजे काका, चक्कर येत नाही?"

"कधीच आली नाही. गोळीने येते."

"मग डॉक्टरांना खरं सांगून ती गोळी हवी की नको ते विचारा. त्यांनी हरकत नाही म्हटलं की वर जायला माझीही नाही." हे चमकून बघायला लागले. मॅडम पुढे म्हणाल्या, "पण एक काम करा. मी रोज सांगते, झाकण काढू नका. कुणाला पटत नाही असं नाही, पण हात जातोच. का जातो?"

ह्यांनी बुटाने माती उकरली. मग म्हणाले, "कारण ते झाकण दिसत नाही मॅडम. प्लाय दिसतो. तुम्ही चांगला प्लाय वापरता. चांगला वापरूच नका. चोरून न्यावासा वाटणार नाही असा करा. मी करतो. त्याला एवढी भोकं पाडतो की चहा गाळण्यापलीकडे काही उपयोग नको. खालून लाकडाच्या पट्ट्या मारतो, भोकात घट्ट बसतील अशा, म्हणजे सरकणार नाही. रंग तुम्ही द्या. डोळ्यांना त्रास होईल असा."

"रंग आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी बैठकीत हे सगळ्यांना तुम्ही सांगायचं. कसे पडलात ते. सुरुवातीपासून."

ह्यांचा चेहरा असा झाला, की पडले तेव्हाही तसा नव्हता.

घरी ह्यांनी जेवताना एकदाही वर बघितलं नाही. सकाळी बैठकीला सगळे उभे. फरशीवाले, रंगवाले, वायरवाले, माती वाहणाऱ्या आमच्या बायका. मॅडमनी ह्यांना पुढे बोलावलं. हे पुढे गेले आणि उभे राहिले. घसा खाकरला. परत खाकरला. मी मनात म्हटलं, गेलं, आता ह्यांना खरोखर चक्कर येणार.

मग ह्यांनी इकडेतिकडे बघितलं. भिंतीला प्लायची एक शीट टेकून होती. ती ह्यांनी उचलली, दोन्ही हातांनी उभी धरली, छातीशी. ह्यांचं तोंड दिसेनासं झालं. दिसत होते फक्त बोटांचे शेंडे आणि खाली बूट.

"हे असं," प्लाय म्हणाला. "हे असं धरलं. आता मला तुमच्यातलं कुणी दिसत नाही."

प्लायमागे गेल्यावर ह्यांना बोलता यायला लागलं. सगळं सांगितलं. प्लाय किती गुळगुळीत होता इथपासून वाळूत कसे रुतले इथपर्यंत. चक्करेचं खोटं सांगितलं. अळणी भाजीचंही सांगितलं, तेव्हा सगळी साइट हसली आणि बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी कपाळावरचा पदर सारखा केला. हे प्लायमागे असल्यामुळे ह्यांना कोण कसं हसतंय ते दिसलं नाही. मी सांगते, चांगलं हसत होते.

हसणं ओसरलं तसा एक रंगवाला म्हणाला, "मास्तर, मागे एका साइटवर माझाही पाय गेला होता. गुडघ्यापर्यंत. दरवाजा वाहत होतो." मागून एक बाई म्हणाली, "मी टोपलं डोक्यावर घेऊन. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही." तिचा नवरा तिथेच उभा होता. "मला का नाही सांगितलं?" "तू हसला असतास." मग आणखी एक, मग आणखी कुणी. हळूहळू प्लाय खाली आला आणि वरून ह्यांचे डोळे दिसले. एवढे सगळे पाय भोकात गेलेले, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच येडे.

"मास्तर, ठेवा आता तो प्लाय," दाजी ओरडले. "आणि बघून पाय टाका!"

त्या दिवशी ह्यांनी खाली बसूनच झाकणं केली. डॉक्टरांनी खरं ऐकून घेतलं, पुन्हा तपासलं आणि गोळी बंद केली. मीठ बेताने खा म्हणाले, पण "बंद करा असं मी कधी म्हटलं होतं?" असं माझ्याकडे बघून विचारलं. मी छताकडे बघितलं.

मग एके सकाळी मी त्याच स्वयंपाकघरात पाणी मारत होते. वर लंगडी पावलं वाजली. एक जड, एक हलकं. जुना प्लाय काढला होता, त्यामुळे भोकातून उजेड येत होता आणि माझ्या ओल्या भिंतीवर चौकोन पडला होता. आता झाकण बसणार म्हणून मी पाइप बंद करून उभी राहिले. कडेने हिरव्या-पिवळ्या रंगाचं काहीतरी सरकत आलं, बघवणार नाही इतकं भडक. चौकोनाचा पट्टा झाला, पट्ट्याची रेघ झाली. पट्ट्या खटकन भोकात बसल्या. मग हातोडी. खिळा सरळ जात होता. आवाजावरून मलाही कळायला लागलं होतं.

वरून, त्या चहाच्या गाळणीतून, आवाज आला.

"अगं, खाली अंधार झाला का?"

"झाला. भोकांचे ठिपके तेवढे दिसतायत."

"ठिपके चालतील." दोन ठोके. "डब्यात काय आहे?"

"भाजी."

"आणि?"

"मीठ," मी म्हटलं, आणि अंधारात पाइप शोधायला लागले.